पेवाचं पाणी

पेव कुणी लावत नाही. ते येतं. कोकणात पऱ्याच्या, म्हणजे लहानशा ओढ्याच्या, काठाला ते इतकं माजतं की त्याला कुणी फूलझाड म्हणत नाही, रान म्हणतात. हळदीच्या जवळपासच्या जातकुळीतलं झाड आहे. जमिनीत कंद, वर पुरुषभर उंचीचा दांडा, आणि गणपतीच्या सुमारास दांड्याच्या टोकाला लाल कणीस. त्या कणसातून पांढरी फुलं बाहेर येतात. हे सगळं मला साठाव्या वर्षापर्यंत फक्त लांबून माहीत होतं.

लांबून, कारण जवळ जायला बंदी होती. आम्ही परळची माणसं. वडील गिरणीत, गावाला जाणं वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि गणपतीत. मे महिन्यात पेव जमिनीखाली झोपलेलं असायचं. गणपतीत फुललेलं असायचं, पण पऱ्याच्या पलीकडच्या काठाला, आणि आई बजावून सांगायची की पेवाच्या बेटात जनावर असतं. जनावर म्हणजे साप, त्याचं नाव घ्यायचं नसतं. मग मी आणि माझा भाऊ अलीकडच्या काठावर उभे राहून बघायचो. कुणीतरी धुतलेले हातरुमाल झुडपांवर वाळत टाकलेत असं वाटायचं. ते जवळून कसं दिसतं, असं मी एकदा आईला विचारलं होतं. कुणी बघितलंय, असं ती म्हणाली. तिचं लहानपण त्याच काठावर गेलं होतं, तरी तिनंही बघितलं नव्हतं.

निवृत्त झाले त्या वर्षी मे महिन्यात गावी गेले आणि आता तिथंच राहणाऱ्या भावाला म्हटलं, मला पेवाचा कंद काढून दे. भाऊ हसला. गावभर माजलेलं रान मी पिशवीत घालून मुंबईला नेणार, ही गोष्ट त्याला पुढचे आठ दिवस सगळ्यांना सांगायला पुरली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, इथं तर पिकतं तिथं लोक कोयत्यानं छाटतात. पण त्यानं खणून दिला. आल्यासारखा गाठीगाठींचा होता आणि हाताला गार लागत होता. मला त्याचं एकच फूल हवं होतं. वीतभर अंतरावरून, चष्मा लावून, कुणी मागं न ओढता बघायला. लहानपणापासून वाट बघितलेली दुसरी कुठलीही गोष्ट माझ्याकडे शिल्लक राहिलेली नव्हती.

आमची इमारत जुनी, तीन मजल्यांची. मी तळमजल्यावर, वडिलांच्याच खोलीत, एकटी राहते. मागच्या बाजूला इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये तीन हात रुंदीची पट्टी आहे. तिथं ऊन सकाळी दोन तास येतं, आणि वर पहिल्या मजल्याची बाल्कनी असल्यामुळे पावसाचं पाणीही सरळ पडत नाही. तिला मी बाग म्हणते. बाकीचे मागची गल्ली म्हणतात.

पहिल्या वर्षी कंद कुंडीत लावला, खिडकीत ठेवला आणि रोज नळाचं पाणी घातलं. तो दोन फूट वाढला, पानांच्या कडा तपकिरी झाल्या आणि दिवाळीपर्यंत सगळं वाळून गेलं. मी वैतागून कुंडीतली माती कंदासकट मागच्या पट्टीत उपडी केली आणि वर दोन विटा ठेवून दिल्या. पुढच्या जूनमध्ये त्या विटा सरकल्या.

मला आधी वाटलं घूस असेल. काठी घेऊन मागं गेले, तर दोन विटांच्या फटीतून एक लालसर टोक वर आलेलं. करंगळीएवढं. एका विटेला त्यानं चांगलं बोटभर उचललं होतं. मी काठी भिंतीला लावली आणि खाली बसले. ती वीट मी स्वतः उचलून ठेवली होती, तिचं वजन मला माहीत होतं. सात-आठ महिने जमिनीत मेल्यासारख्या पडलेल्या गाठीनं ती उचलली, हे मला पटेना. मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं, एक वीट सरकली.

त्या वर्षी ते कमरेएवढं वाढलं आणि तेव्हा मला त्याची दुसरी गोष्ट कळली. पेवाची पानं समोरासमोर येत नाहीत. प्रत्येक पान आधीच्या पानापासून जरासं सरकून निघतं, आणि दांडा स्वतःभोवती वळत वळत वर चढतो. आमच्या इमारतीच्या पाठीला लोखंडी गोल जिना आहे, पूर्वी सफाईवाले त्यावरून वर जायचे. अगदी तसा. तो जिना करणाऱ्यानं मापं घेतली असतील, चुकलेले पत्रे फेकून दिले असतील. हे झाड अंधारातून आलं आणि एकही पायरी न चुकता वळत गेलं. पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं तर मांजराच्या कानासारखी लव लागायची. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागं जायची आणि कप गार व्हायचा.

इमारतीतल्या बाया बघून जायच्या आणि म्हणायच्या, ताई, हा तुमचा हातगुण. मीही मान डोलवायची. शेणखत घातलं होतं, चहाचा चोथा घातला होता, सगळ्यांना श्रेय दिलं. त्या जागेवर वरून दिवसरात्र थेंब थेंब पाणी पडत होतं, पण ते माझ्या लेखी पाणी नव्हतंच. तो तक्रारीचा विषय होता.

आता पत्रांबद्दल सांगायला हवं. मी चौतीस वर्षं एका कचेरीत आवक-जावक सांभाळली. लोक देवाला नवस बोलतात, मी अर्ज लिहिते. माझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको राहतात. मास्तर शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्या एसीची नळी बाल्कनीखालून बाहेर आलेली होती आणि तिचं पाणी माझ्या पट्टीत पडायचं. शेवाळ धरायचं, एकदा मी घसरलेही होते. "आपल्या वातानुकूलन यंत्रातून होणाऱ्या अखंड गळतीमुळे तळमजल्यावरील रहिवाशास पोहोचणारा उपद्रव" असं माझ्या तिसऱ्या पत्राचं पहिलं वाक्य होतं. मला ते अजूनही आवडतं. मास्तरही कमी नव्हते. ते तशाच भाषेत उत्तर द्यायचे, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. जिन्यात भेटलो की आम्ही हवापाण्याचं बोलायचो. पत्राचा विषय तोंडी काढायचा नाही, हे दोघांनाही न सांगता कळलेलं होतं.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी सफरचंदं घेऊन इस्पितळात जाऊन आले, वहिनींचा हात धरून बसले, आणि घरी येऊन चौदावं पत्र लिहिलं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. माणूस वेगळा, फाइल वेगळी. उत्तरं यायची बंद झाली त्याचंही मला वाईट वाटलं, पण कशाचं तर पत्रव्यवहार एकतर्फी झाला याचं. आता एसी पूर्वीसारखा संध्याकाळपुरता नव्हता, अष्टौप्रहर चालायचा. थेंबही अष्टौप्रहर पडायचे. सतराव्या पत्राची प्रत मी सोसायटीला दिली. आषाढातल्या बैठकीत सगळ्यांनी एकमतानं सांगितलं की बाहेर पाणी सोडायचं नाही. चार दिवसांत नळी दिसेनाशी झाली आणि थेंब थांबले. त्या दिवशी मी शिरा केला आणि शेजारीपाजारी वाटला.

हे पेवाचं तिसरं वर्ष होतं. दांडा माझ्या डोक्याच्या वर गेला होता. श्रावण अर्धा झाला असेल, एका सकाळी बघते तर टोकाला पानांच्या मधोमध हिरवट मूठ. आठ दिवसांत ती लाल झाली. कणीस आलं होतं. एकावर एक खवले बसवलेले, घट्ट मिटलेले, आणि खवल्यांवर मुंग्यांची ये-जा सुरू झाली. फूल अजून नव्हतं, पण मुंग्यांना खबर आधीच लागलेली. मला इतका आनंद झाला की मी भावाला फोन करून कणसाचं वर्णन सांगितलं. त्याच्या खिडकीतून त्याला तशी शंभर दिसत असणार, तरी त्यानं निमूट ऐकून घेतलं.

आणि मग पानं मिटायला लागली. आधी दुपारपुरती, नंतर सकाळीही. कडा तपकिरी झाल्या. पावसानं ओढ दिली होती, उकाडा वाढला होता, पण बाल्कनीखाली पाऊस तसाही येत नाही. मी सकाळी एक बादली ओतली, मग दोन. पट्टीत माती कमी आणि विटांचा चुरा जास्त, पाणी घटकाभरात खाली निघून जायचं. शंकराच्या पिंडीवर टांगतात तशी एक प्लास्टिकची बाटली बारीक भोक पाडून टांगली. नळाचं पाणी थेंब थेंब पडू लागलं आणि कडा अजूनच करपल्या. कणसाचे खालचे खवले सुकून तपकिरी पडले. एकही उघडला नव्हता. मला रात्री झोप लागेना. एका रानाच्या कंदासाठी एवढं जिवाला लावून घ्यायचं का, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर हो असंच येत होतं.

मी जन्मभर जे केलं तेच केलं. कागद काढले. पेवाच्या नोंदी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर करायची, अमुक तारखेला अमुक इंच. तीन वर्षांची कॅलेंडरं आणि तक्रारीची फाइल मी जमिनीवर शेजारी शेजारी मांडली. नळाचं पाणी घातलं त्या वर्षी कडा करपल्या. "गळती वाढली" असं मी लिहिलं त्याच महिन्यात झाड तीन आठवड्यांत हातभर वाढलं. "गळती अहोरात्र" हे शब्द होते त्या पंधरवड्यात नवे दोन दांडे फुटले. बैठकीची तारीख, नळी काढली ती तारीख, आणि त्यानंतरची पहिली नोंद, "वाढ नाही". सगळं माझ्याच अक्षरात होतं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई मी दुसऱ्यांत पुष्कळ बघितली होती, आता स्वतःला बघितलं. हातगुण माझा नव्हताच. वरून जे पाणी पडत होतं त्याचा होता, आणि ते मी सतरा पत्रं लिहून बंद करवलं होतं.

वर जायला मला दोन दिवस लागले. गुडघे दुखतात म्हणून नव्हे. "थेंब परत द्या" हे सांगायचं कसं, याचा मसुदा मनात जमेना. शेवटी हरतालिकेच्या आदल्या दुपारी गेले. हातात वाटीभर खोबऱ्याच्या वड्या, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. दार उघडंच होतं. मी आत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले.

पलंग खिडकीशी होता. मास्तर उताणे, डोळे उघडे, अंगावर पातळ चादर. खोली गार होती. आणि पलंगाच्या पायथ्याशी, एसीच्या खाली, एक निळी बादली, तिच्यात वरून उतरलेली नळी. बादली काठोकाठ भरली होती. वहिनी वाकून ती उचलत होत्या. सत्तरीची बाई, मनगटं काडीसारखी. त्यांनी बादली ओढत ओढत मोरीपर्यंत नेली, ओतली, परत आणून नळीखाली ठेवली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, या ताई, बसा.

मी बसले नाही. हे काय, असं विचारलं. वहिनींनी साधेपणानं सांगितलं. बाहेर पाणी सोडायचं नाही असं ठरलं. नळी मुख्य पाइपाला जोडायची तर इमारतीचा पाइप जुना, त्याला भोक पाडायची परवानगी अजून आली नव्हती. एसी बंद करता येत नव्हता, मास्तरांना घाम येतो आणि पाठीला जखमा होतात. म्हणून मेकॅनिकनं नळी आत वळवून दिली. चार-पाच तासांनी बादली भरते. त्या गजर लावून उठायच्या, रात्रीसुद्धा. आषाढापासून. या सगळ्यात त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सहन होईना. एवढ्या वर्षांत माझ्या पत्रानं कुणाचं काही अडलेलं मी प्रत्यक्ष बघितलं नव्हतं. पत्र जावक नोंदवहीतून जातं आणि पुढं त्याचं काय होतं ते दुसऱ्या टेबलावरचा माणूस बघतो. इथं दुसरं टेबल नव्हतं. इथं वहिनींचं मनगट होतं.

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. वहिनी घाबरल्या, त्यांना वाटलं माझ्या घरी काही झालं. मग मी सगळं सांगितलं, पेवाचं, पऱ्याचं, कणसाचं, फाइलीचं आणि कॅलेंडरांचं. जे मागायला आले होते तेही सांगितलं, लाज बाजूला ठेवून. वहिनी ऐकत राहिल्या आणि शेवटी त्यांनी एवढंच म्हटलं, "म्हणजे हे पाणी मी इतके दिवस मोरीत ओततेय?"

तक्रार मागे घेतल्याचं पत्र मी त्याच संध्याकाळी सोसायटीला दिलं, पण नळी परत बाहेर काढायची तर मेकॅनिक हवा. मेकॅनिक लालबागचा, पण गणपतीत गिरणगावात एसीवाला, प्लंबर किंवा वायरमन मिळायचा नाही, सगळे कोकणात. फोन केला तर मागून गणपतीतल्या बाल्या-नाचाच्या तालमीचे ढोल ऐकू येत होते. मावशी, विसर्जन झाल्यावर येतो, असं सांगून त्यानं फोन ठेवला.

मग बादली मी धरली. सकाळी सात, अकरा, तीन, संध्याकाळी सात. रात्रीचं पाणी वहिनींनी मोरीतल्या पिंपात साठवायचं, सकाळी ते मी न्यायचं. अर्धी अर्धी बादली घेऊन मी कठड्याला धरून उतरायची आणि लोट्यानं पेवाच्या बुडाशी थोडं थोडं घालायची. रस्त्यावर मिरवणुकांचे ताशे, गर्दी एवढी की दूधवालासुद्धा गल्लीत शिरेना, आणि मी मागच्या पट्टीत लोटा घेऊन. गुडघ्यांनी बोंब मारली. मी त्यांना सांगितलं की हे आपण केलंय, आपणच निस्तरायचं.

तिसऱ्या दिवशी पानं सकाळी उघडी राहिली. पाचव्या दिवशी दुपारीही. गौरी आल्या त्या सकाळी मी लोटा घेऊन गेले आणि कणसाच्या बुडाशी, सुकलेल्या खवल्यांच्या जरा वर, ते होतं.

कसं सांगू. आधी मला वाटलं वरून कुणाचा तरी कागद उडून अडकला. इतकं पातळ आणि इतकं चुरगळलेलं. मग बघितलं की त्या चुण्या चुरगळण्याच्या नाहीत, इस्त्रीपूर्वीच्या मलमलीसारख्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक चुणी जागच्या जागी आहे. कड झिरझिरीत. पांढरा रंग असा की आतून प्रकाश येतोय असं वाटावं, आणि मध्यभागी, घशात, हळदीचा एक पुसट हात. हे सगळं त्या बोटभर खवल्यात मावलेलं कसं होतं? मी चष्मा पुसला. वीतभर अंतरावर तोंड नेलं. वास नव्हता. एक मुंगी पाकळीच्या कडेपर्यंत आली, थांबली आणि परत गेली, जणू पुढं जायची तिलाही बंदी होती. मी भिंतीला हात टेकला आणि मोठ्यानं आईला हाक मारली. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली. तरी मारली. तिनं बघितलं नव्हतं, आणि ते असं होतं.

किती वेळ उभी होते कोण जाणे. मग वर गेले आणि वहिनींना म्हटलं, तुम्ही जा, बघून या. मास्तरांजवळ मी बसते. वहिनी कित्येक महिन्यांत खाली उतरल्या नव्हत्या. पदर सारखा करून, जिना उतरायला भीत भीत, गेल्या. पाव तासानं आल्या. तेवढा पाव तास मी मास्तरांजवळ होते. आम्ही दोघं एवढी वर्षं एकमेकांशी लिहून बोललो होतो. त्यांचे डोळे छताकडे होते. छाती वरखाली होत होती. मी ती बघत बसले.

पेवाचं फूल एक दिवसाचं. संध्याकाळी ते मऊ पडतं आणि गळतं, दुसऱ्या सकाळी कणसातून दुसरं येतं. मी एकही तोडलं नाही. हात धजेना.

विसर्जनानंतर तीन दिवसांनी मेकॅनिक आला. पन्नाशीचा, बोलका माणूस. तो नळी बाहेर काढत असताना मी त्याला विचारलं, या पाण्यात असं काय असतं रे, नळाच्या पाण्यात नसतं ते? मशिनीत काही औषध घालतात का? तो हसला.

"मावशी, ह्यां मशिनीचां पाणी नाय. खोलीतल्या हवेचां पाणी. माणूस श्वास सोडता, घाम येता, तांच थंड होवन भायर पडता."

मी म्हटलं, पण या खोलीत तर मास्तर आणि वहिनी दोघंच असतात. तो म्हणाला, मग त्यांचांच. आणि पान्हा पिशवीत टाकून चहा मागितला.

मी चहा ठेवला. पाणी उकळत होतं, वाफ वर जात होती, आणि मी त्या वाफेकडे वेड्यासारखी बघत राहिले. हवेत बाहेरचा दमटपणाही असणार, ते मला कळत होतं, मी काही अडाणी नाही. पण दोन वर्षं त्या बंद खोलीत एक माणूस फक्त श्वास सोडत पडला होता. बोलणं गेलं, हात गेला, अक्षर गेलं. उरलं तेवढंच. आणि ते भिंतीतून, नळीतून, थेंब थेंब खाली येऊन वीट उचलत होतं, वळत वळत माझ्या डोक्याच्या वर चढत होतं. मी त्याला उपद्रव म्हटलं होतं. गॅस बंद करायचं भान राहिलं नाही, चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्यांदा फूल तोडलं. दोन बोटांत धरलं तर वजनच लागेना. ओंजळीत झाकून वर नेलं. वहिनी मास्तरांचं तोंड पुसत होत्या. मी पुढं झाले आणि मास्तरांच्या हनुवटीखाली पांघरूण दुमडलं होतं त्यावर ते ठेवलं. मग म्हटलं, "मास्तर, हे तुमचं आहे. खाली आलं होतं."

त्यांचे डोळे छतावरून खाली आले. फुलापर्यंत आले की नाही, मी शपथेवर सांगणार नाही. त्यांनी श्वास सोडला आणि पाकळीची झिरझिरीत कड हलली. थांबली. पुन्हा हलली. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला होता. एसीचा आवाज येत होता, पुन्हा बाहेर काढलेल्या नळीतून पडणारं पाणी ऐकू येत होतं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये ती कड हलत होती, थांबत होती, हलत होती. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, जाईचना कुणी.

निघताना वहिनींनी विचारलं, उद्याचंही आणाल ना. मी हो म्हटलं. मग त्यांनी हळूच विचारलं, कणसात अजून किती असतील. हा प्रश्न माझ्यासारखीनं आधीच सोडवून ठेवायला हवा होता. खवले दिसतात, एक फूल एका खवल्याचं, दहा मिनिटांचं काम. मी चौतीस वर्षं आलेलं-गेलेलं मोजत आले. पण खाली येऊन मी कणसापाशी उभी राहिले, खालून वरपर्यंत बघितलं, आणि मोजलं नाही.